धिंगरीची खोली: हवा फिरवणारा पंखा आणि हवा बदलणारा पंखा

घरातल्या छोट्या खोलीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पंखा दिवसरात्र चालू आहे, तरी देठ लांबच लांब येतात, छत्री नाण्याएवढीच राहते आणि खोलीचा वास घरभर पसरतो. पंखा चालू असतो हे खरं, पण भिंतीवरचा किंवा स्टँडचा पंखा खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. अळिंबीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच साठत जातो. तो बाहेर काढायला एक्झॉस्ट लागतो, आणि तेवढीच गरजेची असते ताजी हवा आत यायची वाट.

हवा फिरणं आणि हवा बदलणं, यांपैकी कशाची उणीव आहे ते पिकावरून कळतं. लांब देठ आणि लहान, निमुळती छत्री दिसली, तर हवा बदलत नाही. (अंधारातही देठ असेच ताणतात, म्हणून आधी उजेड बघा. खोलीत वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे.) छत्रीवर पाणी साचून पिवळे-तपकिरी, चिकट डाग पडले, तर हवा फिरत नाही. ओल तशीच राहते आणि त्यावर जिवाणू वाढतात. छत्रीच्या कडा तडकल्या किंवा पिनहेड (नुकतेच फुटलेले, टाचणीच्या डोक्याएवढे कोंब) पिवळे पडून वाळले, तर वारा थेट बेडवर (काड भरलेल्या पिशव्यांवर) येतोय. अशा वेळी पंखा बंद करू नका, त्याचं तोंड भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. भिंतीवर आपटून परतलेली मंद हवा पुरेशी असते.

आता एक्झॉस्टचा हिशेब. १० × १० फुटांची, ८ फूट उंच खोली म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२.६ घनमीटर. फळधारणेच्या (अळिंबी फुटून वाढण्याच्या) काळात तासाला ४ ते ६ वेळा हवा बदलावी. ५ वेळा धरलं तर तासाला ११३ घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. समजा ६ इंची एक्झॉस्टच्या खोक्यावर ताशी २५० घनमीटर असं छापलंय. हा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, झडप आणि पाइप लागला की प्रत्यक्षात निम्मी हवा धरून चालावं. म्हणजे कागदावर तासाला २७ मिनिटं पुरणारा हाच पंखा प्रत्यक्षात जवळजवळ सतत चालवावा लागतो. पंखा याहून मोठा असेल, तर तासातून एकदा जोरात चालवण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने चालणारा टायमर बरा, कारण त्यात ओलावा एकदम खाली येत नाही. वीज वाचवायला रात्रभर एक्झॉस्ट बंद ठेवण्याची सवय मात्र महागात पडते. पिनहेड अवस्थेत देठ ताणायला एक रात्रही पुरते.

बहुतेक घरांत चुकते ती आत येणारी वाट. ६ इंची पंख्याचं तोंड साधारण २८ चौरस इंच असतं. माश्या अडवायला ४० मेशची (एका इंचात ४० छिद्रांची) जाळी लावली की उघडी जागा बरीच कमी होते, म्हणून आत येण्याचं भोक किमान १० × १० इंच ठेवा. ते एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीत, कोपऱ्याच्या विरुद्ध कोपऱ्यात असावं. दोन्ही शेजारी असली तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि मागच्या रांगेतल्या बेडपर्यंत पोहोचतच नाही.

एसी आणि कूलर यांतही हीच गफलत होते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो आतलीच हवा गार करतो आणि वर तिच्यातला ओलावा काढून टाकतो. एसी लावला म्हणून एक्झॉस्ट काढू नये. कूलर खिडकीत बसवला तर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. खोलीच्या मध्ये ठेवला तर तो फक्त फिरवणारा पंखा. कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच भरपूर ओलावा असतो, तिथे हवा बदलणं सोपं. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र प्रत्येक बदलाबरोबर कोरडी, तापलेली हवा आत येते आणि ८०–९० टक्के आर्द्रता टिकत नाही. तिथे आत येणाऱ्या वाटेवरच ओला पॅड हवा.

उबवणीच्या १५ ते २० दिवसांत चित्र उलटं असतं. बुरशी काडात पसरताना जास्त कार्बन डायऑक्साइड तिला चालतो, म्हणून एक्झॉस्टची घाई नको. पण बेडच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असतं. बेड एकावर एक रचू नयेत आणि हवा हलती ठेवावी, नाहीतर मधले बेड तापून बुरशी मरते.

वासाचं काय? निरोगी खोलीला अळिंबीचा सौम्य वास येतो आणि तो एक्झॉस्टने जातो. आंबट किंवा कुजका वास आला तर दोष हवेचा नाही, काडाचा आहे. काड जास्त ओलं राहिलं की आत प्राणवायू पोहोचत नाही आणि जिवाणू माजतात. भरण्याआधी मूठभर काड घट्ट दाबा. तळहात ओलसर व्हावा, पण थेंब पडू नये. आंबलेला बेड त्याच दिवशी खोलीबाहेर काढा. काड भिजवलेलं पाणीही साठवून ठेवू नका.

अनेक जण सरळ कार्बन फिल्टर आणतात. सक्रिय कोळसा वासाचे रेणू धरतो, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, आणि इतक्या दमट हवेत त्याची छिद्रं पाण्यानेच भरतात. वर धिंगरीचे बीजाणू (छत्रीखालून उडणारी बारीक पूड) त्यावर बसून हवा अडते. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत काढणी केली तर बीजाणू खूपच कमी उडतात. ते फुप्फुसांना त्रास देतात, म्हणून खोलीत एन-९५ मास्क लावावा आणि पात्यांवरची पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसावी, पंख्याचा प्लग काढूनच.

वास घरात येतोय का हे उदबत्तीने तपासता येतं. एक्झॉस्ट चालू, दार बंद, आणि उदबत्ती बाहेरून दाराच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला तर खोलीतली हवा घरात येत नाही. धूर घराकडे परतला तर एक्झॉस्ट कमी पडतोय, किंवा खिडकीतला कूलर त्याच्यापेक्षा जास्त हवा आत ढकलतोय. कूलरचा वेग एक पायरी कमी करून पुन्हा बघा.