व्यवस्थापन विद्यालयांतील यश आणि त्याची नोंद

विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयातील, म्हणजे रूढ भाषेत बिझनेस स्कूलमधील, विद्यार्थी, प्राध्यापक व माजी विद्यार्थी यांनी मिळवलेले पुरस्कार, केलेले संशोधन, भूषवलेली पदे, उभारलेले उद्योग आणि दिलेल्या देणग्या यांची विद्यालयाच्या नावावर होणारी नोंद हा या लेखाचा विषय आहे. अशी नोंद वार्षिक अहवालात, अधिस्वीकृतीच्या, म्हणजे दर्जाला बाहेरच्या संस्थेने दिलेल्या मान्यतेच्या, कागदपत्रांत, क्रमवारीसाठी भरून दिलेल्या तक्त्यांत आणि प्रवेशेच्छुकांच्या माहितीपुस्तिकेत निरनिराळ्या हेतूंनी केली जाते. त्यामुळे यश कशाला म्हणायचे, हे पुष्कळदा ती नोंद कोणाच्या डोळ्यांसमोर जाणार आहे यावर ठरते. शिवाय तिन्ही गटांच्या यशाचा काळ वेगळा असतो. विद्यार्थ्याचे यश काही महिन्यांत दिसते, प्राध्यापकाच्या लेखाचे खरे मोल कळायला दोन दशकेही लागू शकतात आणि माजी विद्यार्थी नावारूपाला येईपर्यंत त्याला शिकवणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. या तिन्ही यशांवर विद्यालय एकाच वेळी हक्क सांगते; हा हक्क कुठे खरा आणि कुठे सैल आहे, हाच या विषयातील खरा प्रश्न होय.

व्यापारशिक्षणाची स्वतंत्र संस्था पॅरिसमध्ये १८१९ साली सुरू झाली. विद्यापीठाचा घटक म्हणून व्यवस्थापन विद्यालय १८८१ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ व्हॉर्टन यांच्या देणगीतून उभे राहिले; तेच व्हॉर्टन स्कूल. १९०० मध्ये डार्टमथ येथे टक स्कूल आणि १९०८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बिझनेस स्कूल निघाले. हार्वर्डने पहिल्यापासून एमबीए ही पदवी दिली. सुरुवातीच्या दशकांत पदवीधराला चांगली नोकरी लागली की विद्यालयाचे काम झाले, असा साधा हिशोब होता. तो मोडला १९५९ मध्ये. त्या वर्षी फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांनी पुरस्कृत केलेले दोन स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील व्यवस्थापन विद्यालयांत विद्यार्थी कमकुवत आहेत, अभ्यासक्रम धंदेवाईक तपशिलांत अडकला आहे आणि संशोधन जवळजवळ नाही, असा ठपका दोन्ही अहवालांनी ठेवला. त्यानंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांतील संशोधक मोठ्या संख्येने व्यवस्थापन विद्यालयांत आले व प्राध्यापकाचे यश त्याच्या प्रकाशित लेखांवरून मोजले जाऊ लागले.

विद्यार्थ्यांच्या यशाचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे गुणवत्ता. हार्वर्डमध्ये एमबीएच्या प्रत्येक वर्गातील वरच्या ५ टक्के पदवीधरांना ‘बेकर स्कॉलर’ म्हणतात. बीटा गॅमा सिग्मा ही सन्मानसंस्था १९१३ पासून काम करते. एएसीएसबी या संस्थेची अधिस्वीकृती असलेल्या विद्यालयांतूनच ती सदस्य निवडते. पदवीच्या वर्गातील वरचे १० टक्के आणि पदव्युत्तर वर्गातील वरचे २० टक्के विद्यार्थी त्यासाठी पात्र ठरतात. गंमत अशी की स्टॅनफर्ड, शिकागो आणि व्हॉर्टन यांसारख्या काही नामांकित विद्यालयांत नोकरी देणाऱ्या कंपनीला गुण सांगायचे नाहीत, असा विद्यार्थ्यांचाच संकेत आहे. गुणांच्या धास्तीने कोणी अवघड विषय टाळू नये, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. टीकाकारांच्या मते मात्र त्यामुळे वर्गातली मेहनत कमी होते.

स्पर्धा हा दुसरा प्रकार. त्यांत केस स्पर्धांचा मान मोठा आहे. एखाद्या कंपनीपुढील अडचणीचे वीस-पंचवीस पानी वर्णन संघाच्या हाती पडते, खोलीचे दार बंद होते, बऱ्याच स्पर्धांत फोन व इंटरनेट काढून घेतले जातात आणि थोड्या तासांत आकडेमोड, शिफारस व सादरीकरण तयार करून परीक्षकांपुढे उभे राहावे लागते. परीक्षक बहुधा उद्योगातले अधिकारी असतात. ते सादरीकरणापेक्षा त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत संघाला अधिक पारखतात, कारण पाठ केलेला युक्तिवाद दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील जॉन मोल्सन स्कूलची आंतरराष्ट्रीय एमबीए केस स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. सीएफए इन्स्टिट्यूटच्या रिसर्च चॅलेंजमध्ये संघ एका नोंदणीकृत कंपनीच्या समभागाचे मूल्यांकन करून अहवाल लिहितो, तर २००९ मध्ये सुरू झालेल्या हल्ट प्राइझमध्ये सामाजिक उद्योगाच्या कल्पनेला १० लाख डॉलरपर्यंतचे भांडवल मिळते. अशा स्पर्धांतील विजय चार-पाच जणांचा असतो. विद्यालय त्याची जाहिरात करते तेव्हा उरलेल्या वर्गाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

शिकता शिकता सुरू केलेला उद्योग हे यश आज सर्वांत जास्त मिरवले जाते. व्हॉर्टनच्या चार विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये वॉर्बी पार्कर ही चष्म्यांची कंपनी सुरू केली आणि पुढे ती शेअर बाजारात गेली. गुंतवणुकीची संधी समोर चालून आली असता त्याच विद्यालयातील एका प्राध्यापकाने ती नाकारली होती, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. स्टॅनफर्डचे फिल नाइट यांचे उदाहरण त्याहून जुने. फ्रँक शॅलेनबर्गर यांच्या लघुउद्योगाच्या वर्गासाठी त्यांनी एक निबंध लिहिला. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांची बाजारपेठ घेतली, तसेच जपानी धावण्याचे बूट जर्मन बुटांच्या बाबतीत करू शकतील का, हा त्या निबंधाचा प्रश्न होता. १९६२ मध्ये पदवी घेतल्यावर ते जपानला गेले. १९६४ मध्ये त्यांनी भागीदारीत ब्लू रिबन स्पोर्ट्स ही कंपनी काढली आणि तिचीच पुढे नाइकी झाली. वर्गातील गृहपाठ आणि पुढचे यश यांतला धागा इतका सरळ क्वचितच दाखवता येतो.

रोजगाराचे आकडे विद्यार्थ्यांच्या यशात मोडतात, पण ते जपून वाचावे लागतात. एमबीए करिअर सर्व्हिसेस अँड एम्प्लॉयर अलायन्स या संघटनेच्या मानकांनुसार पदवीनंतर तीन महिन्यांची स्थिती नोंदवतात, आणि टक्केवारी काढताना नोकरी न शोधणाऱ्यांना, म्हणजे कंपनीने पाठवलेल्यांना, स्वतःचा उद्योग काढणाऱ्यांना व पुढे शिकणाऱ्यांना बाजूला ठेवतात. हे रास्तच आहे. परंतु समजा २०० पदवीधरांपैकी ५० जण या गटात टाकले आणि उरलेल्या १५० पैकी १३५ जणांना नोकरी मिळाली, तर छापील आकडा ९० टक्के होतो, आणि सगळ्या वर्गाच्या मानाने तो ६७.५ टक्केच भरतो. म्हणून टक्केवारीच्या आधी नोकरी शोधणाऱ्यांची संख्या पाहावी. सरासरी पगाराऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या पगारांतला मधला पगार, पाहावा हेही तितकेच महत्त्वाचे, कारण दोन-चार अवाढव्य पगार सरासरी फुगवतात.

प्राध्यापकांचे यश प्रामुख्याने संशोधनात मोजतात. त्यासाठी ठरावीक नियतकालिकांच्या याद्या वापरल्या जातात. फायनान्शियल टाइम्सची यादी ५० नियतकालिकांची, तर टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेची २४ नियतकालिकांची आहे. नेमणूक, बढती व कायमपद यांचे निर्णय पुष्कळ ठिकाणी या याद्यांत किती लेख आहेत यावर होतात. यादी सोयीची असते, कारण लेख न वाचताही मोजता येतो. आणि नेमकी हीच तिची उणीव आहे. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने समभाग घेण्याच्या वा विकण्याच्या हक्काच्या, किमतीविषयीचा लेख आधी दोन प्रतिष्ठित नियतकालिकांनी परत पाठवला होता. शिकागोचे प्राध्यापक युजीन फामा आणि मर्टन मिलर यांनी रदबदली केल्यावर त्यांतल्याच एकाने, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीने, तो १९७३ मध्ये छापला. या कामासाठी १९९७ चे नोबेल स्मृती पारितोषिक शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना मिळाले. ब्लॅक १९९५ मध्ये निवर्तले होते. पारितोषिकानंतर पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, शोल्स व मर्टन भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी कोसळण्याच्या बेतात आला.

व्यवस्थापन विद्यालयांतील अध्यापकांना अर्थशास्त्राचे पारितोषिक मिळण्याची परंपरा आता लांबलचक झाली आहे. १९९० मध्ये शिकागोचे मिलर व स्टॅनफर्डचे विल्यम शार्प, २००३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलचे रॉबर्ट एंगल, २०१३ मध्ये शिकागोचे फामा, २०१७ मध्ये तेथीलच रिचर्ड थेलर, २०२० मध्ये स्टॅनफर्डचे रॉबर्ट विल्सन, २०२१ मध्ये स्टॅनफर्डचे ग्वीडो इम्बेन्स, २०२२ मध्ये शिकागोचे डग्लस डायमंड ही त्यांतली काही नावे. पण पारितोषिक कोणत्या विद्यालयाच्या खात्यावर मांडायचे? पिट्सबर्गमधील कार्नेगीच्या औद्योगिक प्रशासन विद्यालयाची कथा या बाबतीत बोलकी आहे. फ्रँको मोदिल्यानी आणि मिलर यांनी कंपनीच्या भांडवल-रचनेविषयीचा १९५८ चा गाजलेला लेख तेथे लिहिला. पारितोषिके मात्र मोदिल्यानींना १९८५ मध्ये एमआयटीत असताना आणि मिलर यांना १९९० मध्ये शिकागोत असताना मिळाली. रॉबर्ट लुकास यांचेही १९७० च्या दशकाच्या आरंभीचे महत्त्वाचे काम कार्नेगीतले, आणि १९९५ चे पारितोषिक शिकागोच्या नावावर गेले. हर्बर्ट सायमन यांनी आयुष्याचा मोठा भाग कार्नेगीत काढला, पण १९७८ मध्ये पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचा वावर मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांत अधिक होता. विचार एका इमारतीत जन्मतो, मान दुसरीच इमारत मिरवते. विद्यालये सोयीप्रमाणे दोन्हीकडून मोजतात.

अध्यापनातील यशाला यामानाने कमी दाद मिळते. केस लिहिणे हे व्यवस्थापन विद्यालयांचे खास कौशल्य आहे. हार्वर्डने १९२१ मध्ये पहिली केस वर्गात आणली आणि केसचे वितरण करणारी ब्रिटनमधील संस्था, आजचे केस सेंटर, १९७३ मध्ये निघाली. चांगली केस जगभरच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवली जाते, तरी अनेक विद्यापीठांत बढतीच्या फाइलीत तिला शोधनिबंधाइतके वजन मिळत नाही.

माजी विद्यार्थी हे विद्यालयाचे सर्वांत मोठे भांडवल मानले जाते. युजीन फामा यांचे विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी १९७१ मध्ये शिकागोतून एमबीए घेऊन १९८१ मध्ये डायमेन्शनल फंड अ‍ॅडव्हायझर्स ही कंपनी रेक्स सिंकफील्ड यांच्यासह स्थापन केली. फामांच्या बाजारविषयक संशोधनावर तिची गुंतवणूक-पद्धती उभी होती. २००८ मध्ये बूथ यांनी ३० कोटी डॉलरची देणगी दिली आणि विद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. गुरूचा सिद्धान्त, शिष्याचा धंदा आणि धंद्यातून परतलेली देणगी असे येथे तिन्ही गटांचे यश एकाच साखळीत दिसते. कार्नेगीच्या विद्यालयाला २००४ मध्ये माजी विद्यार्थी डेव्हिड टेपर यांचे नाव मिळाले, तर नाइट यांनी २००६ मध्ये स्टॅनफर्डला १०.५ कोटी डॉलर दिले. देणगीतून अध्यासने निर्माण होतात, अध्यासनांवर नामवंत प्राध्यापक येतात, आणि त्यांच्या नावामुळे पुन्हा चांगले विद्यार्थी येतात. श्रीमंत विद्यालये अधिक श्रीमंत का होतात, याचे हे एक कारण आहे.

तथापि माजी विद्यार्थ्याच्या यशातील विद्यालयाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. नामांकित विद्यालय हजारो अर्जांतून आधीच कर्तबगार असलेल्यांना निवडते. ते तेथे गेले नसते तर मागे पडले असते, असे म्हणता येत नाही. फायनान्शियल टाइम्सची एमबीए क्रमवारी १९९९ पासून निघते. तिच्यात पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना विचारलेल्या पगाराला व पगारवाढीला मोठे वजन आहे, आणि किमान २० टक्के माजी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली तरच विद्यालयाचा विचार होतो. यावरून निवडीचे फळ आणि शिक्षणाचे फळ वेगळे होत नाही. जुन्या याद्या वाचताना आणखी एक भान हवे: हार्वर्डच्या दोन वर्षांच्या एमबीएला स्त्रियांना थेट प्रवेश १९६३ मध्ये मिळाला, तेव्हा त्या आठ जणी होत्या. त्याआधीच्या यशस्वी पदवीधरांची यादी जवळजवळ पुरुषांचीच असणार.

हार्वर्ड आणि व्हॉर्टन यांनी २००४ मध्ये क्रमवारी छापणाऱ्या बिझनेसवीक या नियतकालिकाला आपल्या विद्यार्थ्यांचे संपर्क देणे थांबवून क्रमवारीशी असहकार केला. तेवढे बळ सर्वांकडे नसते. टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलने ऑनलाइन एमबीएसाठी खोटी माहिती पुरवली आणि यूएस न्यूजच्या यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे पहिला क्रमांक मिळवला. प्रवेशपरीक्षेचे गुण थोड्याच विद्यार्थ्यांनी दिले असताना ते सर्वांनी दिल्याचे दाखवणे हा त्यातलाच एक प्रकार होता. माजी अधिष्ठात्यांना २०२१ मध्ये दोषी ठरवून २०२२ मध्ये १४ महिन्यांची कैद व अडीच लाख डॉलर दंड झाला. क्रमांकाच्या आशेने ज्यांनी शुल्क भरले होते, त्यांची पदवी त्या बातमीने काळवंडली. त्यांचा स्वतःचा काही दोष नसताना.

अपयश मात्र या नोंदींत सहसा नसते. हिशोबातील घोटाळ्यांनी बुडालेल्या एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे प्रमुख जेफ्री स्किलिंग १९७९ मध्ये हार्वर्डमधून बेकर स्कॉलर म्हणून बाहेर पडले होते आणि २००६ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. एनरॉनच्या पतनानंतर नीतिशास्त्राचे पाठ अनेक अभ्यासक्रमांत वाढले, पण एखाद्या पदवीधराचा गुन्हा विद्यालयाच्या खात्यात वजा करण्याची पद्धत कुठेच नाही. एएसीएसबीच्या २०२० च्या मानकांनी समाजावर होणाऱ्या परिणामाचा पुरावा मागायला सुरुवात केली आहे. त्यामुळे लेखांच्या संख्येबरोबर त्या लेखांमुळे कोणत्या धोरणात, कोणत्या कंपनीच्या कारभारात काय बदलले, हेही अहवालात लिहावे लागते. असा बदल वर्षभराच्या तक्त्यात बसत नाही. तो दाखवण्यासाठी विद्यालयांना एकेका संशोधनामागचा दहा-पंधरा वर्षांचा माग काढावा लागतो, आणि हे काम आकडे भरणाऱ्या कार्यालयाकडून प्राध्यापकांकडे परत येऊ लागले आहे.