विहिरीला पाणी होतं, मग गहू का गेला?

होळीच्या आसपास हा प्रश्न दरवर्षी पारावर निघतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: "ऊन लय तापलं, पाणी कमी पडलं." ऊन तापलं, खरं आहे. पण मोटर रोज चालू होती, वाफ्यात ओल होती, मग पाणी कमी कुठं पडलं? उन्हाचा ताण आणि पाण्याचा ताण यांची ही खिचडी पारावरच नाही, बातम्यांत आणि शेतीसल्ल्यांतही शिजते. ऐकून कान किटले.

पाण्याचा ताण विदर्भात कुणाला शिकवायची गरज नाही. वरुड-मोर्शीकडचा संत्रावाला तर तो मुद्दाम देतो. डिसेंबर-जानेवारीत बागेचं ओलीत बंद, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी देऊन ताण तोडला की आंबिया बहार, म्हणजे थंडीनंतरची फुलं, फुटतो. पऱ्हाटीही, म्हणजे कपाशी, पावसाच्या खंडात माना टाकते, पातेगळ होते म्हणजे कळ्या गळतात, पण पाऊस आला की पुन्हा पाती धरते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन तेव्हा फुला-शेंगांवर, त्याला सावरायला दिवस उरले नव्हते; कपाशीकडे अजून वेळ होता. पाणी कमी पडलं की झाड दारं लावून घेतं. पानावरची बारीक छिद्रं मिटतात, ओल आत राहते, अन्न तयार होणं मंदावतं. वेळेत पाणी मिळालं तर दारं उघडतात.

उन्हाचा ताण असा तोडता येत नाही. सगळी गोम इथंच आहे.

गहू दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. ओंबीत चीक भरल्यापासून दाणा टणक होईपर्यंत त्याला ठरावीक ऊब लागते. फेब्रुवारी थंड गेला तर ती हळूहळू जमते आणि दाण्याला भरायला भरपूर दिवस मिळतात. दोन-तीन अंश जास्त तापलं की तीच ऊब आठ-दहा दिवस आधी पुरी होते. झाडाच्या लेखी काम संपलं, ते पिवळं पडून सोंगणीला येतं. दाणा मात्र अर्धवट भरलेला, सुरकुतलेला. मुळाशी पाणी असलं तरी गेलेले दिवस परत येत नाहीत. हरभऱ्याची तऱ्हा वेगळी. फुलावर असताना पारा ३५ च्या वर राहिला की पराग निकामी होतो आणि घाटा, म्हणजे हरभऱ्याची शेंग, धरत नाही. मेलेला पराग कोणतं तुषार सिंचन जिवंत करणार?

आणि रात्र. दिवसा कमावलेली साखर झाड रात्री श्वासात खर्च करतं; रात्र उबदार असली की खर्च वाढतो. पेपरात सगळे कमाल तापमान वाचतात, किमानाकडे कुणी बघत नाही. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारीत आधी किमानाचा आकडा बघावा.

पुरावा हवा असेल तर २०२२ चा मार्च घ्या. देशाच्या नोंदीतला तो सर्वांत तापलेला मार्च. पंजाब-हरियाणाच्या गव्हाला कालव्याचं आणि ट्यूबवेलचं पाणी होतं, तरी दाणा आकसला, आणि १३ मे रोजी केंद्रानं गव्हाची निर्यात थांबवली. दुष्काळ नव्हता. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा: सरासरी तापमान १ अंशानं वाढलं तर गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्के, मक्याचं ७ टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनचं ३ टक्के घटतं.

घोळ होतो तो दोन्ही ताण एकमेकांना हात देतात म्हणून. हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे ती तेवढी तहानते आणि माती लवकर सुकवते. उलट, पाणी मिळालेलं झाड घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं. भर दुपारी ओलिताच्या पानाला हाताची मागची बाजू लावा, गार लागेल. कोरडवाहू धुऱ्याकडचं पान कोमट लागेल. म्हणून ऊन चढण्याआधी दिलेलं पाणी ढालीसारखं कामाला येतं, पण ते औषध नाही.

ओळखायचं कसं? दुपारी नका बघू, दुपारी सगळंच पीक माना टाकतं. पहाटे जा. पान ताठ असेल तर मुळाला पाणी आहे, दुपारचं मलूलपण उन्हाचं. पहाटेही लोंबत असेल तर पाणी द्या. शंका उरली तर वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा, गोळा होतो का बघा.

खंड, अवर्षण, दुष्काळ हे शब्द सरकारी कागदापुरते महत्त्वाचे. पैसेवारी, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० च्या आत आली का हे तिथं बघतात. पीक कशानं गेलं हे पैसेवारी सांगत नाही.

एक चीड मात्र आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा ४५ चा आकडा टीव्हीवर झळकला की "शेतीचं काय होणार" सुरू होतं. अहो, तेव्हा शिवार नांगरून रिकामं असतं. संत्रा आणि थोडा उन्हाळी तीळ-भुईमूग सोडला तर भाजायला उभं काय आहे? पिकाचं नुकसान फेब्रुवारीच्या ३५ नं होतं, आणि तो आकडा कुठंच झळकत नाही.

उन्हाच्या ताणावर उपाय पेरणीच्या तारखेत आहे. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडला तर दाणा थंडीत भरतो. पऱ्हाटी उपटून डिसेंबरअखेर पेरलेला गहू नेमका तापत्या मार्चच्या तोंडी सापडतो. आमच्या शेजारच्या काकांनी असाच उशिरा पेरला आणि मार्चमध्ये ऊन बघून घाईनं दोन पाणी जास्त दिली. त्याच आठवड्यात वारं सुटलं. ओल्या रानात गहू लोळला, आणि दाणा होता तसाच बारीक.