गुन्हा इथे, कोर्ट तिकडे: परदेशी सैनिकांच्या खटल्यांमागचा इतिहास

परदेशी सैनिकाच्या हातून कोणी मेलं की पहिलं भांडण पुराव्याचं नसतंच, खटला कोणी चालवायचा याचं असतं. आम्हा इंदूरवाल्यांना हे समजायला लांब जायला नको. 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांच्या मुलखात महूची छावणी बसली, इंदुरात रेसिडेन्सी म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीची कचेरी आली, आणि मग गोरा सोल्जर छावणीबाहेर येऊन काही करून गेला तरी होळकर दरबारच्या कोर्टाला त्याला हात लावता येत नव्हता, त्याचा निवाडा इंग्रजच करणार. रेसिडेन्सी एरियाचा पत्ता आपण आजही रोज सांगतो, पण ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

खुद्द ब्रिटिश हिंदुस्थानात तरी काय होतं? 1883 च्या इल्बर्ट बिलात एवढंच होतं की हिंदी न्यायाधीशालाही गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा, तर गोऱ्यांनी असा गोंधळ घातला की 1884 मध्ये कायदा झाला तो निम्मी जुरी गोऱ्यांची असण्याची सवलत देऊनच. मग 1902 मध्ये सियालकोटला नाइन्थ लान्सर्स या गोऱ्या रेजिमेंटच्या सैनिकांनी एका स्वयंपाक्याला मारलं, तो बिचारा मेला, आणि रेजिमेंटच्या चौकशीत गुन्हेगार काही सापडेना. व्हाइसरॉय कर्झनने चिडून अख्ख्या रेजिमेंटच्या रजा बंद केल्या. पण पुढच्या जानेवारीत दिल्ली दरबारात तीच रेजिमेंट व्हाइसरॉयसमोरून गेली तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी तिचा जयजयकार केला! हे वाचलं की अजूनही रक्त खवळतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक आले तेव्हा त्यांच्या गुन्ह्यांचे खटले त्यांच्याच लष्करी कोर्टात चालावेत म्हणून 1942 मध्ये इथे वटहुकूम निघाला. युद्धानंतर नाटो या लष्करी गटातल्या देशांच्या 1951 च्या सैनिकांबाबतच्या करारात वाटणी ठरली: ड्यूटीवर असताना गुन्हा झाला तर पहिला हक्क सैनिकाच्या देशाचा, बाकी बहुतेक गुन्ह्यांत यजमान देशाचा. ऐकायला ठीक वाटतं, पण ड्यूटीवर होता की नव्हता याचं सर्टिफिकेट त्याचाच कमांडर देणार, खरी मेख तिथे आहे.

अमेरिकेशी अशाच वाटणीचा करार असलेल्या जपानचं उदाहरण बघा. जानेवारी 1957, गुन्मा प्रांतातलं फायरिंग रेंज. गरीब बायामाणसं तिथे पितळेची रिकामी काडतुसं वेचायला यायची, विकून चार पैसे मिळायचे. जिरार्ड नावाच्या अमेरिकन सैनिकाने काडतुसं टाकून त्यांना जवळ बोलावलं आणि पळणाऱ्या एका बाईवर ग्रेनेड लाँचरमधून रिकामं काडतूस झाडलं, ते पाठीत लागून ती गेली, सहा लेकरांची आई. अमेरिका म्हणाली ड्यूटीवर होता, जपान म्हणालं ही कसली ड्यूटी, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी खटला जपानी कोर्टात चालला. शिक्षा किती? तीन वर्षं, तीही स्थगित. आणि 1953 मध्येच जपानने गुपचूप कबूल केलं होतं की फार महत्त्वाच्या केसेस सोडल्या तर आपला हक्क वापरणार नाही, हे कागद कित्येक दशकांनी बाहेर आले.

1995 ला ओकिनावात तीन अमेरिकन सैनिकांनी 12 वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला तेव्हा करारामुळे आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते जपानी पोलिसांच्या ताब्यातच नव्हते. हजारो लोक रस्त्यावर उतरले, मग कुठे अमेरिकेने खून-बलात्काराच्या केसेसमध्ये ताबा लवकर देण्याचा सहानुभूतीने विचार करू म्हटलं.

आपले जवानही यूएनच्या शांतिसेनेत जातात आणि तिथे गुन्ह्याचा खटला चालवायचा हक्क फक्त जवानाच्या स्वतःच्या देशाला असतो, म्हणजे ही ढाल आपल्याकडेही आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि फेब्रुवारी 2012 चं केरळ तर सगळ्यांना आठवत असेल. इटालियन टँकरवरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात आपले दोन मच्छीमार गेले. 2020 मध्ये हेगच्या लवादाने सांगितलं की ते दोघं इटलीचे सरकारी अधिकारी, त्यामुळे भारतात खटला चालणार नाही, इटलीने भरपाई द्यावी. 10 कोटी आले, 2021 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने केस बंद केली, आणि पुढच्या वर्षी रोममध्येही फाइल बंद झाली, खटला उभा न राहताच.