आर्मेनियन नातेवाचक शब्द आणि लाडाची संबोधने

आर्मेनियन भाषेत आईकडची आणि वडिलांकडची नाती वेगळ्या शब्दांनी सांगतात. काका, आत्या, मामा आणि मावशी या चारही शब्दांना तिथे एकेक स्वतंत्र जोड आहे. त्यामुळे मराठी माणसाला शब्द तेवढे नवे शिकायचे असतात, नात्यांची रचना ओळखीचीच असते. इथे दिलेली रूपे मुख्यतः पूर्व आर्मेनियन, म्हणजे आर्मेनिया देशातल्या प्रमाण बोलीची आहेत. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, नसलेला ख साधा महाप्राण समजावा आणि नुक्त्याचा ख़ घशातून घासून येणारा.

वडील ‘हायर’, आई ‘मायर’. त्यांची षष्ठीची रूपे ‘होर’ आणि ‘मोर’. भाऊ ‘येग़्बायर’, बहीण ‘खुयर’. यांच्या जोडणीतून काका ‘होरेग़्बायर’, आत्या ‘होराखुयर’ आणि मावशी ‘मोराखुयर’ हे शब्द बनतात. बोलताना कुणी एवढे लांब शब्द वापरत नाही; तोंडी ‘होपार’, ‘होर्खुर’, ‘मोर्खुर’ असतात. भावालाही हाक ‘अख़्पेर’ अशीच मारतात. मामा मात्र या साच्यात बसत नाही. त्याचा शब्द ‘खेरी’, आणि तो ‘बहीण’ या शब्दाच्या जुन्या षष्ठीपासून आला आहे. काकाला ‘खेरी’ म्हणणे ही आपल्याकडे काकाला मामा म्हणण्याइतकीच ढोबळ चूक. चुलत, मामे, मावस भावंडे फोड करून सांगतात: ‘होरेग़्बोर वोर्दी’ म्हणजे काकाचा मुलगा. नातवंडाला मात्र एकच शब्द आहे, ‘थोर’. मुलगा की मुलगी, ते त्यातून कळत नाही.

सासरची यादी मराठी वाचकाला जास्त रंजक वाटेल. दीर ‘तागर’, सासू (नवऱ्याची आई) ‘स्केसुर’, जाऊ ‘नेर’ आणि सुनेसाठी जुना शब्द ‘नु’. हे चारही संस्कृतातल्या देवृ, श्वश्रू, यातृ आणि स्नुषा यांचे सख्खे भाऊबंद आहेत. आपले दीर, सासू, जाऊ, सून त्याच मुळांतून आले. कानाला साम्य लागत नाही, कारण आर्मेनियनमध्ये मूळ ‘द’चा ‘त’ झाला आणि ‘व’चा ‘ग’. हा नियम माहीत असला की देवृ आणि तागर एकच शब्द असल्याचे दिसते. ‘प’चा ‘ह’ झाला, म्हणून पितृचा जोडीदार हायर. सुनेला आज ‘हार्स’ म्हणतात. नववधूलाही तोच शब्द. बायकोची आई ‘ज़ोखान्च’. ती आणि ‘स्केसुर’ वेगळ्या, दोघींना एकच शब्द चालत नाही. व्याह्यांना ‘ख़्नामी’ म्हणतात.

लाडाच्या शब्दांत ‘जान’ सर्वात आधी शिकावा. तो फारसीतून आला. त्याचा ज ‘जन्म’मधला, ‘जोर’मधला नव्हे. तो नेहमी नावानंतर किंवा नात्यानंतर येतो: ‘आनी जान’, ‘मायरिक जान’, ‘अख़्पेर जान’. आधी लावला की वाक्य मोडते. कुणी हाक मारली तर ओ देतानाही नुसते ‘जान’ म्हणतात. दुकानदारालाही ‘जान’ चालतो, तेव्हा त्यावरून जवळीक मोजू नये.

‘माझा’ सांगायला शब्दाला शेवटी ‘स’ जोडतात. होगी म्हणजे आत्मा. लिहायचे ‘होगीस’, उच्चारायचे ‘होखीस’, अर्थ ‘माझ्या जिवा’. ‘सिरेलीस’ म्हणजे माझ्या प्रिय. शेवटचा ‘-इक’ लघुत्वाचा आणि मायेचा: मायरिक, हायरिक, पापिक (आजोबा), तातिक (आजी), बालिक (बाळ).

‘त्सावत् तानेम’ हा शब्दप्रयोग भाषांतरात हरवतो. शब्दशः ‘तुझे दुखणे मी नेईन’. आपल्याकडे आजी दृष्ट काढते, अलाबला घेते, त्याच जातीचा. पण आर्मेनियन माणूस तो आजारपणासाठी राखून ठेवत नाही. पोर पडले, पाणी आणून दिले, फोनवर आवाज ऐकला, सगळीकडे तो येतो. उत्तर म्हणून ‘मला काही दुखत नाही’ म्हणणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. ‘मातग़ लिनेम’, म्हणजे तुझ्यावरून बळी जाईन, हाही त्याच घराण्यातला, फक्त जास्त भारी.

लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका इथल्या पश्चिम आर्मेनियनमध्ये व्यंजने उलटी पडतात: ‘मायरिक’चे ‘मायरिग’, ‘तानेम’च्या जागी ‘दानिम’. आजीला तिथे ‘नेने’ किंवा ‘मेद्झ मामा’ ऐकू येते. भावाच्या हाकेचेही रूप वेगळे, ‘अख़्पार’. 1946 ते 1949 दरम्यान परदेशातले हजारो आर्मेनियन सोव्हिएत आर्मेनियात परतले, तेव्हा स्थानिकांनी त्यांना त्यांच्याच तोंडच्या या शब्दाने ओळखायला सुरुवात केली. ‘अख़्पार’ हिणवण्याचे नाव झाले, ‘अख़्पेर’ मात्र भाऊच राहिला.