लॉर्डीच्या आधीची ४५ वर्षं

२० मे २००६ च्या रात्री अथेन्समध्ये फिनलंडच्या लॉर्डी बँडनं युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा अनेकांना तो गमतीत झालेला अपघात वाटला. शिंगं, रबरी मुखवटे, आगीचे लोळ आणि गायकाच्या पाठीवर उघडणारे वटवाघळासारखे पंख! पण ‘हार्ड रॉक हालेलुया’ला मिळालेले २९२ गुण हा स्पर्धेतला तोवरचा विक्रम होता. अपघातानं एवढे गुण मिळत नाहीत.

फिनलंड या स्पर्धेत १९६१ पासून होता. सर्वोत्तम कामगिरी १९७३ ची, सहावा क्रमांक. एरवी तळाची जागा जणू राखीवच. १९६३, १९६५ आणि १९८२ मध्ये तर चक्क शून्य गुण. आपण युरोव्हिजन जिंकणार नाही, हा फिन लोकांचा स्वतःवरचाच विनोद होऊन बसला होता. बरीच वर्षं देशाच्या स्वतःच्या भाषेतच गाण्याची सक्ती होती आणि फिनिश बाहेर कुणाला कळणार? ही सक्ती १९९९ मध्ये उठली.

त्याहून मोठा बदल मतदानाचा. पूर्वी प्रत्येक देशाचे परीक्षक गुण द्यायचे. १९९७-९८ पासून ते काम हळूहळू प्रेक्षकांच्या फोनकडे गेलं. फिनलंडमध्ये मेटल, म्हणजे कर्कश गिटारींचं जड रॉक संगीत, ही कोपऱ्यातली आवड नव्हे, घराघरातली. तरी २००० च्या राष्ट्रीय निवड फेरीत नाइटविश हा मेटल बँड प्रेक्षकांचा लाडका असूनही परीक्षकांमुळे मागे पडला. माझ्या मते लॉर्डीच्या विजयाची खरी सुरुवात या हरण्यात आहे.

बँडचा गायक मिस्टर लॉर्डी म्हणजे उत्तर फिनलंडच्या लॅपलंडमधल्या रोवानिएमीचा टोमी पुटान्सू, चेहरे रंगवून गाणाऱ्या अमेरिकेच्या ‘किस’ बँडचा कट्टर चाहता. मुखवटे तो स्वतः बनवतो. १९९२ मध्ये त्यानं सुरू केलेल्या या सोंगाला पहिलं मोठं यश मिळायला २००२ उजाडलं. युरोव्हिजनसाठी त्याची निवड झाल्यावर सैतानपूजेचे आरोप झाले, ग्रीसमध्ये काही धार्मिक मंडळींनी विरोध केला. गाण्यात ‘हालेलुया’, म्हणजे देवाचा जयजयकार आहे, हे त्यांनी ऐकलं नसावं.

शेजाऱ्यांनी एकमेकांना गुण वाटायचे, हा युरोव्हिजनवरचा जुना आक्षेप. स्वीडन, नॉर्वेनं लॉर्डीला पूर्ण १२ गुण दिले हे खरं, पण ब्रिटन आणि पोलंडनंही दिले. हेलसिंकीच्या बाजारचौकात झालेल्या सत्काराला राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन हजर होत्या. एका मासिकानं गायकाचा बिनमुखवट्याचा फोटो छापल्यावर वाचक इतके खवळले की मासिकाला माफी मागावी लागली. रोवानिएमीनं एका चौकालाच लॉर्डीचं नाव दिलं.

२००९ मध्ये परीक्षक परतले, निम्म्या वजनानं. २०२३ मध्ये लिव्हरपूलला फिनलंडच्या कॅरियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३. परीक्षकांचे आकडे मात्र १५० आणि ३४० होते. फिनलंड दुसरा आला.