पांढरी एकपर्यंत उतरवलेली तार

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानात मर्दानी आणि जनानी तंबोरे शेजारी शेजारी टांगलेले दिसतात. हार्मोनियमच्या काळी एक किंवा काळी दोन पट्टीत गाणाऱ्या गायकाचा तंबोरा लांब आणि त्याच्या तारा जाड असतात. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा तंबोरा आखूड आणि तारा बारीक असतात. खुंट्या सैल करून जनानी तंबोरा काळी एकपर्यंत उतरवता येणार नाही असे नाही, पण तसा तंबोरा कोणी मैफलीत घेऊन बसत नाही. सांगलीत अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा हेवी मेटल संगीत वाजवण्यासाठी सिंगल कटअवे, म्हणजे मानेच्या एकाच बाजूला खाच असलेली, इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघाला, तेव्हा मी त्याला आधी हे दोन तंबोरे दाखवायला मिरजेला नेले.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, हे फ्रेंच विद्वान मारिन मर्सेन यांनी १६३६ मध्येच मांडले होते. तार जितकी लांब तितकी तिची वारंवारता कमी. ताण चौपट केला तर वारंवारता दुप्पट. आणि दर सेंटिमीटरमागे तारेचे वजन चौपट केले तर वारंवारता निम्मी. गिटारची सर्वांत जाड तार एरवी पांढरी तीनवर, ८२.४ हर्ट्झला लावलेली असते. मेटल वाजवणारे ती पुष्कळदा पांढरी एकपर्यंत, ६५.४ हर्ट्झपर्यंत उतरवतात. सप्तकाच्या बारा स्वरांपैकी सूर चारच स्वर उतरला, पण ताण वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तो ३७ टक्क्यांनी घटतो. ज्याला वाजवणारे ‘दहाचा सेट’ म्हणतात (त्यातली सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची), त्यातली जाड तार नेहमीच्या सुरात सुमारे साडेसात किलोच्या ताणावर असते. पांढरी एकवर तिच्यात जेमतेम ४.७ किलो ताण उरतो.

भाच्याच्या मित्राच्या गिटारवर आम्ही हे पाहिले. सूर दाखवणारा ट्यूनर गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावला, तार हळू छेडून सुई बरोबर मध्यावर आणली आणि मग तीच तार, मेटलमध्ये मारतात तशी, जोरात मारली. सुई आधी उजवीकडे झेपावली आणि मग रेंगाळत मध्यावर आली. तार रुंद झोक्याने हलताना क्षणभर ताणली जाते, त्यामुळे ताण वाढतो आणि सूर चढतो. मुळात ताण भरपूर असेल तर ही भर किरकोळ ठरते; ढिल्या तारेत तीच भर मोठी होते. शिवाय ढिली तार पडद्यांवर खडखडत होती. तंबोऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासावी म्हणून कारागीर तासन्‌तास जवारी लावतो, ते घासणे मोजूनमापून आणलेले असते. पडद्यांवरची खडखड मात्र कोणाच्याच हातात नसते.

डिस्टॉर्शनमुळे हा दोष आणखी उघडा पडतो. ध्वनिलहरींची शिखरे ॲम्प्लिफायरमध्ये छाटली जातात, तेव्हा एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या बेरजेचे आणि फरकाचे नवे स्वर जन्माला येतात. मेटलचा मुख्य आधार म्हणजे षड्ज आणि पंचम यांची जोडी, जिला पॉवर कॉर्ड म्हणतात. पांढरी एकचा षड्ज सुमारे ६५ आणि त्याचा पंचम ९८ हर्ट्झचा. त्यांचा फरक ३३ हर्ट्झ, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. तो कोणत्याही तारेवर वाजलेला नसतो, तरी त्या नादाचे वजन त्याच्यामुळेच वाढते. मला हा सगळा प्रकार अतिशय सुंदर वाटतो. पण षड्जाची ढिली तार एका हर्ट्झने चढली आणि पंचमाची तितकी चढली नाही, तर फरक ३३ ऐवजी ३२ होतो. ६५ मध्ये जो एक हर्ट्झ अंमळ खटकला असता, तो ३३ मध्ये जवळजवळ अर्ध्या स्वराची चूक होऊन बसतो. आवाज चिखलासारखा होतो तो इथे, आणि ॲम्प्लिफायर बदलून तो निवळत नाही.

म्हणून दुकानात सर्वांत आधी तारेची लांबी विचारावी. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये आणलेली लेस पॉल ही सिंगल कटअवे घाटाची एक प्रसिद्ध गिटार, आणि तिची लांबी सुमारे ६२८ मिलिमीटर आहे. फेंडर कंपनीच्या गिटारची नेहमीची लांबी ६४८ मिलिमीटर. एवढ्याने ताण ६ टक्क्यांनी वाढतो. ६८६ मिलिमीटरच्या, खालच्या सुरांसाठी बनवलेल्या बॅरिटोन गिटारवर तो १९ टक्क्यांनी वाढतो. आखूड गिटारच आवडली असेल, तर उणीव जाडीने भरून काढावी लागते: इंचाच्या हजारांश भागांत मोजतात त्या मापाने दहाच्या सेटमधल्या ४६ ऐवजी ५८ ची तार घेतली, की जुना ताण परत मिळतो. बॅरिटोनवर तेच काम ५४ ची तार करते, आणि ती बारीक असल्याने तिचे वरचे स्वर अधिक स्वच्छ निघतात, कारण जाड गाभ्याची ताठर तार आपले उपस्वर किंचित चढे काढते. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांची गोष्ट मात्र वेगळी. कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि ते डावखुरे असल्याने तारा त्याच हाताने दाबायच्या होत्या. १९७१ च्या सुमारास त्यांनी काळी एकपर्यंत तारा उतरवल्या, तेव्हा त्यांना बोटांखाली ढिली तारच हवी होती.

घोडी पक्की बसवलेली असावी. स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या घोडीत एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. पिकअप, म्हणजे तारेच्या हालचालीचा विजेचा संकेत करणारा भाग, हंबकर या दोन वेटोळ्यांच्या प्रकारचा असावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि डिस्टॉर्शन तिची घरघरही सुराइतकीच मोठी करते. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या रचनेत उलट गुंडाळलेली दोन वेटोळी आणि उलट चुंबकध्रुव असतात, त्यामुळे घरघर परस्परांत विरते आणि तारेचा संकेत तेवढा जुळून वाढतो. लाकडावर लोक फार वेळ घालवतात. महोगनीच्या जड अंगाची गिटार गळ्यात तासभर बाळगता येते का, हे मी जरूर पाहीन. पण पिकअपला तारेची हालचाल कळते, लाकडाची जात कळत नाही, म्हणून पैसे आधी घोडीवर आणि खुंट्यांवर खर्च करावेत.

भाच्याने शेवटी ६४८ मिलिमीटरची सिंगल कटअवे घेतली आणि तिच्यावर ५६ ची तार चढवली. ती मानेच्या टोकाजवळच्या पट्टीच्या खाचेत बसेना. वरच अडकून राहायची आणि खुंटी पिळली की ‘टिक्’ असा आवाज करून सूर एकदम उडी मारायचा. मिरजेतल्या एका सतारीच्या कारागिराने बारीक कानस घेऊन ती खाच रुंद केली, तळ गोल केला आणि पेन्सिलीचे शिसे घासून दिले. मग त्याने स्वतःच खुंटी हळूहळू पिळत तार पांढरी एकवर आणली, अंगठ्याने दोनदा जोरात छेडली आणि ट्यूनरकडे न पाहता गिटार भाच्याच्या हातात दिली.