संहती (विद्रावाची)

विद्रावाच्या किंवा विद्रावकाच्या ठराविक मापामागे विरघळलेल्या पदार्थाचे, म्हणजे विद्रुताचे, प्रमाण. शालेय पुस्तकांत यांनाच द्रावण, द्रावक व द्राव्य म्हणतात. मोलरता १ लिटर विद्रावातील विद्रुताचे मोल (ठराविक संख्येच्या कणांएवढे पदार्थाचे प्रमाण मोजणारे एकक) सांगते, मोललता १ किग्रॅ. विद्रावकामागचे. तापमानाबरोबर आकारमान बदलते, वस्तुमान नाही, २०° से.ला ०.१००० मोलर असलेला जलीय विद्राव ३०° से.ला सु. ०.०९९७ मोलर भरतो. त्यामुळे गोठणबिंदूच्या अवनयासारख्या (विद्रुतामुळे गोठणबिंदू खाली येण्यासारख्या) मापनांत मोललताच वापरतात.

सोडियम क्लोराइडाचे मोलीय वस्तुमान ५८.४४ ग्रॅम. २५० मिलि. ०.१ मोलर विद्रावासाठी ५८.४४ × ०.१ × ०.२५ = १.४६१ ग्रॅम लागते. ते थोड्या पाण्यात विरघळवून मग चंबूच्या खुणेपर्यंत पाणी भरतात; २५० मिलि. पाणी मोजून त्यात मीठ टाकणे वेगळे. स्फटिकजलाकडे दुर्लक्ष झाल्यास चूक मोठी होते. निर्जल कॉपर सल्फेटाचे मोलीय वस्तुमान १५९.६ ग्रॅम, पाच जलरेणूंसहितचा २४९.७, पहिला धरून दुसरे तोलले, तर विद्राव सु. ३६ टक्के कमी संहत होतो. बाटलीवर शेकडेवारीच असेल, तर घनताही लागते : ३७ टक्के हायड्रोक्लोरिक अम्लाची घनता १.१८ ग्रॅम/मिलि. (लिटरला १,१८० ग्रॅम) व मोलीय वस्तुमान ३६.४६ ग्रॅम धरल्यास १,१८० × ०.३७ ÷ ३६.४६, म्हणजे सु. १२ मोलर.

‘मोल’ ही संज्ञा जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांची. तिचे साल कोठे १८९३, तर कोठे १८९४ दिलेले आढळते; १८९० नंतरची काही वर्षे एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. ओस्टव्हाल्ट त्या काळी अणूंच्या वास्तवाविषयी साशंक होते व ती शंका त्यांनी १९०९ च्या सुमारास सोडली. त्यामुळे त्यांचा मोल हा कणांची संख्या नसून ग्रॅममध्ये व्यक्त केलेले वस्तुमान होता, हे मत अधिक पटणारे आहे. १९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आला. २०१९ पासून तो नेमक्या ६.०२२१४०७६ × १०<sup>२३</sup> कणांवर बांधलेला आहे.

नॉर्मलता, म्हणजे १ लिटर विद्रावातील सममूल्यभारांची संख्या, ही सममूल्यभारावर (विक्रियेत एक मोल हायड्रोजन आयनांशी किंवा इलेक्ट्रॉनांशी जुळणाऱ्या वस्तुमानावर) आधारलेली असून ती रूढ होण्याचे श्रेय बहुधा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोर यांच्या अनुमापनावरील (ज्ञात संहतीच्या विद्रावाने अज्ञात प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील) १८५५ सालच्या ग्रंथाला देतात. तिची अडचण अशी, की सममूल्यभार विक्रियेनुसार बदलतो : ०.१ मोलर पोटॅशियम परमँगनेट अम्लीय माध्यमात ०.५ नॉर्मल, तर उदासीन माध्यमात ०.३ नॉर्मल ठरते. अतिविरल जलीय विद्रावांत दर लिटरला १ मिग्रॅ. म्हणजे जवळपास दशलक्षात एक भाग.